डाव्या दाराचा पिवळा रंग

"डाव्या दाराला पेपर मारू नका," अण्णा पुन्हा म्हणाले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

सोलापुरात माझं गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. मार्केट यार्डातले भुसार व्यापारी महेशशेठ वडिलांचा जुना ट्रक घेऊन आले होते. नव्या दुकानाच्या पूजेला तो दारात उभा करायचा होता. "ओरिजिनल कलर पायजे, पेंटर. बॉडी बांधून निघाला तसा." त्यांचे वडील म्हणजे हे अण्णा. आले की खुर्ची टाकून डाव्या दारापाशीच बसायचे, राखण करावी तसे.

जुना रंग शोधायची आमची रीत साधी. पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा आणि एकाच जागी गोल घासत राहायचं. थर झिजतात, पत्र्यावर रंगांची वर्तुळं उमटतात. सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे पहिला रंग. शेड जुळवायची ती मात्र उन्हात. ट्यूबलाइटखाली निळा हमखास फसवतो.

केबिन घासली. लाल, मग हिरवा, आत निळा. अण्णा चहाला गेले तसा मी डाव्या दारालाही पेपर मारलाच. लाल, मग हिरवा, आत पिवळा. निळ्याचा पत्ताच नाही.

म्हणजे दार दुसऱ्या गाडीचं. माझा संशय सरळ चोरीवर गेला. दोन गाड्या जोडून एक करणारे महाभाग मी पाहिलेत, आणि पोलीस आधी पेंटरचीच गचांडी धरतात. आरसी बुक मागितलं, चासीवरचा नंबर घासून वाचला. जुळला. तरी मन मानेना. शेठना बोलावून वर्तुळ दाखवलं.

"गाडीचा ॲक्सिडेंट झाला होता का?"

"व्हय की. शिवाकाका चालवत हुता, अण्णांचा धाकटा भाऊ. झोप लागली त्याला. पाय गेला त्याचा. तवापासनं आमी त्याला गाडीपाशी फिरकू दिलं न्हाय. पूजेलाबी बोलवलं न्हाय."

"आणि अण्णा कुठं होते?"

"क्लीनर साइडला. खरचटलंबी न्हाय."

क्लीनर साइड म्हणजे डावी बाजू. ड्रायव्हर बसतो उजवीकडे.

"शेठ, बदललंय ते डावं दार. मार त्या बाजूला बसला. मग अण्णा धड आणि पाय काकांचा, हे कसं?"

शेठच्या मागे अण्णा ग्लास धरून उभे होते. चहा पायावर सांडत होता, त्यांना भान नव्हतं.

"श्टेरिंगवर मी हुतो," ते म्हणाले. "लायसन शिवाचं हुतं, माझं न्हवतं. केस त्यानं अंगावर घेतली. कोर्टातनं सुटला त्यो. घरात मी त्याला कदी सोडवलंच न्हाय."

"आणि आमी इतकी वर्सं काकाला…" शेठ पिवळ्या वर्तुळाकडे बघत म्हणाले.

तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण वर्कशॉप माझंच. मी विचारलं, "दार निळं करू ना?"

"पिवळंच रंगवा," अण्णा म्हणाले. "लोक इचारतील. सांगीन मी."

पूजेला निळा ट्रक उभा राहिला, एक दार पिवळं. पेंटरचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणत होते. अण्णा एकेकाला कारण सांगत होते, खाली मान घालून. नारळ शिवाकाकांनी फोडला, कुबडी काखेत धरून.

आता कुणी ओरिजिनल कलर मागितला, की पेपर भिजवण्याआधी मी विचारतो, "नक्की पाहिजे ना?"