कोंबड्याचं रील

पडद्यावरचा कोंबडा पिपातून बाहेर आला, झोकांड्या खात घराकडं निघाला, आणि तेव्हा कुठं मला उमगलं. अरे देवा, हा तर प्यायलाय! आणि आम्ही सुप्याच्या शाळेत दारूबंदीचा कार्यक्रम करत होतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. दारूबंदी अजून नवी होती. मी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होतो. गावोगाव जायचं, पडदा बांधायचा, प्रोजेक्टर चालवायचा. दिवसा शो असला की अंधार करायला खिडक्यांना घोंगड्या लावायच्या. त्या धनगरांच्या घरून मागून आणायच्या, टांगायच्या, झटकून परत द्यायच्या, तेही माझ्याच गळ्यात. तीन वर्षं टेंपररी होतो. मला कायम करायची ऑर्डर गाडीबरोबर फिरणाऱ्या प्रचार अधिकारी साहेबांच्या बॅगेत सहीवाचून पडली होती.

आमची दारूच्या दुष्परिणामांची फिल्म इतकी रटाळ, की पोरं बसल्या जागी पेंगायची. साहेब वैतागले होते. "मुलांसाठी काहीतरी निर्मळ नाही का तुमच्याकडे?"

होतं ना! आठ वर्षांचा असताना बारामतीला तंबूत पाहिलेलं कोंबड्याचं कार्टून. तेच रील पुण्याच्या ऑफिसातल्या कपाटात धूळ खात पडलेलं मला सापडलं होतं.

"निर्मळ आहे ना पण?"

"साहेब, कोंबडा-कोंबडीचं हाय. त्यात वावगं काय असनार? जबाबदारी माझी."

रील मी तपासलं होतं, नाही असं नाही. पण ऑपरेटरचं तपासणं म्हणजे फिल्म बोटांतून सरकवायची आणि कडेची भोकं फाटलीत का, जोड सुटलाय का, ते बघायचं. चित्र कोण बघतो? शिवाय हे तर मला तोंडपाठ होतं. लहानपणी मला वाटलेलं, कोंबडा पाण्यात पडला, त्याला उचकी लागली, चक्कर आली. कोंबडी लाटणं घेऊन दारात उभी, तर ती भाकरी करत असेल. मागच्या खिडकीतून शेजारचा कोंबडा उडी टाकून पळतो, तर तो खेळायला आला असेल! त्या कोंबड्याची चाल मी घरी करून दाखवायचो. आई हसायची आणि वडील उठून बाहेर जायचे. ते का जायचे, हे मला त्या दिवशी प्रोजेक्टरशेजारी उभं असताना कळलं. संध्याकाळी घरी येताना त्यांचीही चाल तशीच असायची. फार वाईट वाटलं.

मी भिंगापुढं हात धरला. नको ते चित्र झाकायची ही आमची जुनी युक्ती. पडदा काळा झाला, पण आवाज चालूच! अंधारात कोंबडा उचक्या देत राहिला, आणि मागं बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या.

"हात काढा तो!" साहेब ओरडले.

काढला. कोंबड्यानं लाटण्याचा मार खाल्ला आणि एकदाचं रील संपलं. घोंगड्या सारल्या तर साहेबांचा चेहरा लालबुंद. पण नियम असा होता, की शो झाल्यावर प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं रिपोर्टात लिहायची. साहेबांनी पेन काढलं.

"मुलांनो, कोंबड्याला काय झालं होतं?"

"चक्कर आल्ती!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

माझा जीव भांड्यात पडला. साहेबही जरा सैलावले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सहा-सात वर्षांची एक पोरगी उठून उभी राहिली.

"चक्कर न्हाय. आमचं आबा बी रोज सांच्याला आसंच चालत्यात."

मागचं खिदळणं एकदम थांबलं. तिची आई पांढरीफटक पडली.

साहेब पुढं वाकले. "काय नाव तुझ्या आबांचं? कुठं राहता?"

त्या दिवसांत एवढ्यावर माणूस आत जायचा. पोरीला वाटलं, साहेब कौतुकानं विचारतायत. ती हसत नाव सांगणारच होती.

"साहेब," मी मध्येच तोंड घातलं, "माझं नाव लिवा. कार्टूनात काय हाय ते मला ठावं व्हतं. पोरं हसावीत म्हनून मुद्दाम लावलं."

"ठाऊक होतं? आणि दारूबंदीच्या कार्यक्रमात लावलंत?"

"व्हय."

मग जे काही भडकले! सगळ्या शाळेसमोर माझी बिनपाण्यानं केली. त्या तावात पोरीचं विसरले. आईनं तिला बखोटीला धरून केव्हाच बाहेर नेलं होतं.

ऑर्डर सहीवाचून पुण्याला परत गेली. मी आणखी दोन वर्षं टेंपररी राहिलो. बायको म्हणाली, "कुनी सांगितल्या व्हत्या नसत्या उठाठेवी?" त्या पोरीचा बाप कोण, त्याची दारू पुढं सुटली की नाही, मला ठाऊक नाही.

शिकलो ते एवढंच. लहानपणी आवडलेलं दुसऱ्याला दाखवायचं, तर आधी एकट्यानं बघून घ्यावं. आणि पोरांना प्रश्न विचारू नयेत. पोरं उत्तर देतात.