चुकीच्या वाक्यांची बाजू

आमच्या शाळेत इंग्रजीची चुकीची वाक्यं मुली म्हणायच्या आणि बरोबर वाक्यं मुलं. इंग्रजीच्या सरांनीच पाडलेली पद्धत होती ती. चुका दुरुस्त करण्याचा प्रश्न दहावीला हमखास येतो, म्हणून ते गाइड हातात घेऊन आधी आमच्या बाकांकडे बघायचे. आम्ही एका सुरात म्हणायचो, ‘शी डोन्ट नो.’ मग ते मुलांकडे वळायचे आणि मुलं छपराचे पत्रे हादरवायची, ‘शी डझन्ट नो!’ पाढे म्हणावेत तसं तासभर चालायचं. आठवीपासून दहावीपर्यंत.

माझी थोरली बहीण दहावीला, मार्चच्या परीक्षेत, एकट्या इंग्रजीत नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत ती सुटली होती. तिला नर्स व्हायचं होतं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेची एक संधी दिली. ‘पास झालीस तर पुण्याला नर्सिंगला घालतो. न्हाई झालीस तर कासारसाईच्या लोकांना होकार कळवतो.’ ती माणसं उन्हाळ्यातच तिला बघून गेली होती.

आबा पौडला शिंपीकाम करायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ. शिलाई मशीनच्या खाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. शोषण, हक्क, समता हे शब्द मला शाळेआधी येत होते. पत्रकं एकाच बाजूला छापलेली असायची, त्यामुळे कोऱ्या बाजूला आम्ही अभ्यास करायचो.

पावसाळाभर मी बहिणीचा अभ्यास घेतला. मी दोन इयत्ता मागे होते, पण माझं इंग्रजी बरं होतं, कारण वर्गात मी मुलांच्या बाजूला कान लावून बसायचे. एका दुपारी मी पत्रकामागे लिहिलं, ‘वन ऑफ माय फ्रेंड आर डॉक्टर,’ आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं बराच वेळ बघितलं. ‘ह्यात चूक कुटं हाय?’

‘बघ की नीट.’

‘बघितलं. बरोबर हाय ते. माझं पाठच हाय.’

मी दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. प्रत्येक वाक्य तिला बरोबर वाटत होतं. जी वाक्यं तीन वर्षं तिच्या तोंडात बसली होती, ती तिला ओळखीच्या माणसांसारखी वाटत होती. बरोबर वाक्यं तिनं फक्त ऐकली होती, दुसऱ्यांच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. ‘सर, आलटून पालटून म्हणायला लावा ना. एक दिवस मुलींना बरोबर द्या.’

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘अगं, मुलींचा आवाज बारीक. बरोबर वाक्य कसं ठणठणीत ऐकू आलं पाहिजे. आणि तुम्ही ऐकताच की ते.’

‘ऐकून येत नाही, सर. माझी बहीण नापास झाली.’

‘मुलंबी होतात की नापास,’ असं म्हणून ते चहाला गेले.

ऑक्टोबरचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा बऱ्याच दिवसांनी हसत होती. चप्पल काढता काढता म्हणाली, ‘सोपा होता गं. सगळी वाक्यं ओळखीची होती.’

मी पाणी आणायला आत गेले आणि तिथंच उभी राहिले.

निकाल लागला. पुन्हा इंग्रजीच. आबांनी गुणपत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि मशीनवर बसले. मी गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून त्यांच्यासमोर धरलं. ‘मुलींना शिकवा असं तुमीच लिहिलंय, आबा.’

‘व्हय. लिहिलंय.’

‘मग?’

त्यांनी पायडल थांबवलं नाही. ‘पत्रक गावासाठी असतंय,’ ते म्हणाले.

आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज आला, ‘जाऊ दे गं. त्यांना काम करू दे.’ तिचा आवाज अगदी सपाट होता, वर्गात एका सुरात म्हणायचो तसा.

लग्न माघात झालं. कासारसाईला तिच्या दारात शेळ्या आहेत, आणि घरात इंग्रजी कुणाला लागत नाही.

ती गेली त्याच आठवड्यात सरांनी गाइड उघडून आमच्या बाकांकडे बघितलं. मुलींनी सुरुवात केली. मी तोंड मिटून बसले. शेजारणीनं कोपर मारलं, ‘म्हण की, सर बघत्यात.’ मी म्हटलं नाही. मग सर मुलांकडे वळले आणि मुलांबरोबर मीही बरोबर वाक्य म्हटलं, घसा ताणून, होता नव्हता तेवढा जोर लावून.

कुणीही मागे वळून बघितलं नाही. मुलांच्या आवाजात माझा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही. सरांनी पान उलटलं आणि पुन्हा आमच्या बाजूला मान वळवली.