पहिलं घर बाईंचं

"आधी माह्यं लाव, बाबू."

असं म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई डाव्या हाताचं मधलं बोट माझ्यासमोर धरायच्या. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब तयार. सुई त्यांनी स्वतःच टोचून घेतलेली असायची. सकाळचे दहा वाजलेत, मी अजून ॲप्रनची बटणं लावतोय, डोक्यात कालची कटकट तशीच आहे, आणि ह्या बाई रक्त घेऊन उभ्या! मंगळवार आणि शुक्रवार, सहा वर्षं. तुम्हीच सांगा, माणूस वैतागणार नाही तर काय करील?

आमची प्रयोगशाळा म्हणजे गोंदियातल्या एका जुन्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. काम एकच, सिकलसेलची तपासणी. आमच्याकडे हा आजार कोणाला नवा नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस नुसता वाहक होतो, त्याला सहसा काही होत नाही. दोघांकडून आला तर मात्र तो रुग्ण. हाडं दुखतात, रक्त कमी होतं, जन्मभर दवाखाना पाठ सोडत नाही.

तपासायची पद्धत जुनी आणि साधी. कागदासारखी एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर एका ओळीत बारीक बारीक थेंब लावायचे आणि वीज सोडायची. रक्तातलं हिमोग्लोबिन विजेच्या ओढीनं सरकत जातं. निरोगी माणसाचं पुढे जातं, दोषाचं मागे रेंगाळतं. मग पट्टी लाल रंगात बुडवायची आणि धुवायची. निरोगी माणसाची पुढे एक रेघ दिसते, रुग्णाची मागे एक, आणि वाहकाच्या दोन, एक पुढे एक मागे. पट्टीवरच्या थेंबाच्या जागेला आम्ही 'घर' म्हणायचो. पहिलं घर बाईंचं, कारण बाई स्वतः वाहक होत्या. दुसरं माझं, मी निरोगी म्हणून. तिसऱ्या घरापासून लोकांची रांग.

"माह्या दोन रेघा फुटल्या तं पट्टी खरी," बाई म्हणायच्या. "नाई फुटल्या तं आजचं सारं खोटं."

मी नागपूरहून एम.एस्सी. करून आलेलो. डीएनएच्या तपासण्या शिकलेलो, पुण्या-हैदराबादेतल्या संशोधनाची स्वप्नं पाहिलेली. इथे डीएनए वाढवायचं यंत्र होतं खरं, पण खोक्यात. दोन उन्हाळे गेले, खोकं उघडलं नाही. का? तर खोलीला एसी नाही. एसी का नाही? तर वायरिंग जुनं. वायरिंग बदला म्हटलं की कोणीतरी म्हणायचं, "देखते हैं." या 'देखते हैं'नं माझ्या आयुष्याची माती केली. आणि त्यात या बाई, बारावी नि वर्षभराचा कोर्स एवढंच शिक्षण, मला पट्टीवर थेंब कसा ठेवायचा ते शिकवणार!

"काऊन घाई करून राह्यला? रक्त पळून जाते का?"

थेंब लावताना फोन वाजला तर त्या तो उचलू देत नसत. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं दिसलं तर अख्खी बाटली मोरीत ओतायच्या. एकदा रसायनांच्या फ्रीजमध्ये मी दुपारसाठी दोन समोसे ठेवले होते. मधल्या सुट्टीत फ्रीज उघडला तर समोशांच्या पुडीवर लेबल चिकटवलेलं, लाल शाईत: 'नमुना विनानंबर. पेशंटचं नाव नाही. फेकण्यात येत आहे.' पण फेकले नव्हते. बाहेर ओसरीवर बशीत, कांद्यासकट ठेवले होते. बाईंना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, त्या दिवशी पाहिलं.

आता जे सांगतो ते मे महिन्यातलं. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही. विजेची लाईन दिवसातून चारदा जाणार, इन्व्हर्टर म्हातारा. पहिल्या चाळणीच्या तपासणीचं रसायन संपलेलं, म्हणून सगळ्यांचं रक्त थेट पट्टीवरच लावावं लागत होतं. लग्नसराई असल्यामुळे लोक पत्रिका छापायच्या आधी तपासायला येत होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाईंनी तीन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरचे काम'.

"आत्ताच कायले रजा?" मी चिडून म्हणालो. "इथं कोण निस्तरणार?"

"बाबू, जावंच लागते," एवढंच बोलून त्या गेल्या.

शुक्रवारी बारा नमुने होते. पहिल्या घरात लावायला बाईंचं रक्त नव्हतं. फ्रीजरमध्ये त्यांनी साठवून ठेवलेली कुपी लाईनच्या खेळात केव्हाच नासलेली. मी म्हटलं, मरू दे. एका थेंबासाठी बारा लोकांना परत पाठवायचं का? पहिलं घर रिकामं सोडलं, दुसऱ्यात माझं रक्त लावलं आणि वीज सोडली. मध्ये लाईन गेली. इन्व्हर्टर कण्हत कण्हत चालला, मग तोही बसला. लाईन आल्यावर मी अंदाजानं थोडा वेळ वाढवला. पट्टी रंगवली, धुतली, तर सगळ्या घरांत एकेक रेघ. माझ्या रेघेशेजारी सरळ ओळीत. बाराही जण निरोगी! मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शनिवारी अहवाल वाटले. कचरा नेणारी गाडी आली होती, तर रक्ताच्या नळ्याही देऊन टाकल्या. फ्रीज मोकळा झाला म्हणून स्वतःवर खूश झालो.

सोमवारी बाई आल्या. डोळे खोल गेलेले. पर्स ठेवली आणि रोजच्यासारखं रजिस्टर उघडलं. पट्ट्या वाळवून आम्ही त्यात चिकटवत असू. शुक्रवारच्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं.

"माह्यं घर कुठं हाय?"

"तुम्ही नव्हत्या."

"मंग लावली कायले?"

मी चढ्या आवाजात सगळं ऐकवलं. लाईन, ऊन, लोक, रसायन, यंत्र, एसी, 'देखते हैं'. बाईंनी ऐकून घेतलं. मग पट्टी खिडकीशी धरून म्हणाल्या, "हे पाय. तुही रेघ अर्ध्या वाटंत थांबली. दोन रेघांनी इथं कसं फुटावं? फुटायले जागाच नाई भेटली. समद्यांच्या एकावर एक बसल्या असतीन."

त्या बरोबर होत्या, आणि हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्यावर मार्क घेतले होते.

"नळ्या काढ. परत लावू."

"नळ्या... टाकल्या."

बाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बारा नावं कागदावर उतरवली. चौथ्या नावापाशी थांबल्या. चोरखमारा गावाच्या बाजूची एक मुलगी. तिचा होणारा नवरा सौंदडचा. पोरगा शहाणा, शाळेत तपासलेलं वाहकाचं कार्ड घेऊन तोच तिला तपासायला घेऊन आला होता. दोघं वाहक असतील तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक धोका, हे त्याला ठाऊक होतं. मी त्या मुलीला 'निरोगी' असा कागद दिला होता. लग्नाला आठ दिवस उरले होते.

मोटारसायकलवर मागे बाई, त्यांच्या मांडीवर बर्फाचा डबा. कालव्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी धानाची कापणी चालू होती. वाटभर मीच बडबडत होतो, यात माझी चूक कशी अर्धीच आहे ते सांगत होतो.

मुलीच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. सावलीत बसून ती आईबरोबर बिडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती. तिचा बाप उठून उभा राहिला.

"परत रक्त? कायले? शनवारी तं चांगलं हाय म्हणून कागद देल्ला तुमी! त्याच्यावरच पत्रिका छापल्या, काल वाटून झाल्या ना जी!"

मी काहीतरी गुळमुळीत सुरू केलं, "म्हणजे तांत्रिक..." बाईंनी माझा दंड धरला आणि मला गप्प केलं.

"चूक आमची हाय, दादा," त्या म्हणाल्या. "लाईन गेली, तरी आमी कागद देल्ला. द्याले नोको होतं."

'आमची' म्हणाल्या. ज्या बाई तिथे नव्हत्याच, त्या 'आमची' म्हणाल्या. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

मुलीनं हात पुसला आणि विचारलं, "तुमच्या घरी हाय का कोनाले?"

"माह्या पोराले. बावीस वर्षांचा हाय. मागच्या आठवड्यात तीन दिवस दवाखान्यात होता, हाडं दुखून दुखून रडला." बाई सुई काढत अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "आमच्या लग्नाच्या वक्ती कोनी पाह्यलंच नाई. मी वाहक, त्याचा बाप वाहक, कोनाले मालूम? पोरगं आजारी पडलं तवा मालूम झालं."

सहा वर्षं त्यांच्याशेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. 'घरचे काम' म्हणजे हे होतं, आणि त्यावर मी तोंड वाकडं केलं होतं. त्या अंगणात मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आजवर कधी वाटलेली नाही.

दोन दिवस आम्ही गावोगाव फिरून बाराही जणांचं रक्त परत आणलं. बुधवारी पट्टी लावली. पहिल्या घरात बाईंच्या दोन रेघा स्वच्छ फुटल्या. लोकांपैकी दोघांच्या दोन-दोन निघाल्या. एक होते सत्तरीतले आजोबा. ते म्हणाले, "चला, या वयात काईतरी नवीन निंगालं!" दुसरी ती मुलगी.

ती आणि तो सौंदडचा पोरगा, दोघंही आले. बाईंनी पट्टी समोर ठेवून सगळं समजावलं. लग्न करा की करू नका, असं एका शब्दानं सुचवलं नाही. लग्नानंतर पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या शहरात होते, हेही सांगितलं. मुलीनं पट्टीवरच्या आपल्या दोन रेघांवर बोट ठेवलं. मग त्या पोराला म्हणाली, "मी नाई करत. बाईच्या पोरासारखं मले पाह्यनं होनार नाई." पोरगा रडला. ती रडली नाही. जाताना माझ्यासमोर थांबली.

"तुमच्या कागदानं मी चार दिवस खुश होती."

मी माफी मागितली. ती तशीच निघून गेली. हे लग्न मोडायचंच असेल तर ते पत्रिका छापायच्या आधी, मांडवाचे बांबू यायच्या आधी, दोघांत निवांत मोडता आलं असतं. ते माझ्यामुळे गावादेखत मोडलं. बाईंना तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "हो, तुह्यामुळंच. आता पुढच्या मंगळवारी नीट लाव."

पुढे दोन वर्षांनी नवं यंत्र आलं. रक्त घालायचं, छापील कागद बाहेर. यंत्राला एक माणूस पुरे, असं ठरलं आणि ज्याची पदवी मोठी त्याला ठेवलं, म्हणजे मला. बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. मी अर्जांवर अर्ज लिहिले. उत्तर तेच, "देखते हैं." बाई म्हणाल्या, "काऊन कागद काळे करून राह्यला, बाबू? पोराले नागपूरलेच ठेवा लागते आता. मले जानंच हाय." त्यांनी जाताना फ्रीजरमध्ये स्वतःच्या रक्ताच्या चार कुप्या ठेवल्या, प्रत्येकीवर लाल शाईत 'फेकू नये'.

यंत्र सहा महिन्यांत बंद पडलं. त्याच्या दुरुस्तीचा माणूस अजून यायचाच आहे. पट्ट्या पुन्हा बाहेर निघाल्या. बाईंच्या कुप्या एकेक करून संपल्या, आणि शेवटची संपली त्या दिवशी मी पट्टी लावायचं थांबवलं. फ्रीजमध्ये नमुने साचले. वरून फोन आले, ओरडा झाला. मी म्हटलं, पहिल्या घराशिवाय मी कागद देणार नाही, काय करायचं ते करा. मग बाईंना फोन लावला. मागे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. "पायतो," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दहा वाजता दारात तीच चोरखमाऱ्याकडची मुलगी उभी. आता गोंदियात नर्सिंग शिकते, अंगावर कॉलेजचा गणवेश. चेहरा तसाच घट्ट.

"मले तुमचा राग हाय अजून," ती म्हणाली. "पन बाईचा फोन आल्ता, पट्टीले तुह्या दोन रेघा पाह्यजे म्हने." तिनं बाही मागे सारली आणि डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. "आधी माह्यं लावा. अकराले तास हाय माहा."

मी बोट टोचलं, थेंब घेतला, पहिल्या घरात लावला. लगेच माझ्या घरासाठी दुसरी सुई उचलली, तर म्हणाली, "घाई नोका करू." रजिस्टर उघडलं. पहिल्या घरापुढे आजवर 'बाई' एवढंच लिहिलेलं असायचं; आता काय लिहू, ते विचारलं.

"बाईच लिवा," ती म्हणाली.

मी तसंच लिहिलं.