रुळांखालची वाट

२०२० च्या शरद ऋतूत मी आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावाच्या पलीकडे, रेल्वेमार्गाला लागून, मसाल्यांच्या गोदामासाठी जमीन घेतली. डोंबिवलीत सायकलवर पापड विकून मी सुरुवात केलेली. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही. जमिनीच्या मधोमध एक गंजलेलं गेट होतं. ते उपटायचा त्रास मला, असं म्हणून मी भाव पाडला. विकणारा ताबडतोब ‘ग्रँड’, म्हणजे चालेल, म्हणाला. इतक्या लवकर कुणी मानत नाही, हे मला कळायला हवं होतं. वकिलाने नकाशावरच्या पिवळ्या पट्ट्याबद्दल विचारलं, तेव्हा नीट तपासा म्हणायच्या ऐवजी मी त्याला घाई करा म्हणालो.

वसंतात गेट उपटलं, पाया आखला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शेतकरीणबाई अकरा गाई घेऊन त्या आखणीवरून चालत आली.

“माझी जमीन आहे!” मी ओरडलो.

“असेल. वाट माझी आहे. आणि गेट कुठे गेलं?”

वहिवाट. नकाशावरचा पिवळा पट्टा म्हणजे हीच. गावाकडे या एका शब्दावरून भावकी तुटलेली मी पाहिली होती.

तिने सांगितलं ते पुढे कागदांत तसंच निघालं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा रेल्वेमार्ग आणणारा माणूस गाडीवानाचा मुलगा. रूळ कुठून जाणार हे आधी हेरून त्याने आजूबाजूची शेतं कवडीमोलाने घेतली, मग कंपनीचा संचालक झाला. फक्त हिच्या खापरपणजोबांनी पैसे घेतले नाहीत. रुळांखालून गाई जातील एवढा बोगदा आणि तिथवरची वाट, कायमची, एवढंच लिहून मागितलं. त्याने हसत सही केली म्हणे.

“वाटेचे किती घेशील?” मी विचारलं.

“तो रेल्वेवालाही दुसऱ्या वर्षी खापरपणजोबांकडे हेच विचारायला आला होता. तुझ्यापेक्षा सभ्यपणे.”

मी आकडा दोनदा वाढवला. ती गाई मोजत राहिली.

गोदाम ठरवलं होतं त्याच्या निम्मं झालं, वाटेच्या डाव्या अंगाला. विकणाऱ्याने वाटेबद्दल तोंड उघडलं नाही, हे मी विसरलेलो नाही. नवं गेट मलाच बसवावं लागलं. सकाळी ट्रक आला की गाई जाईपर्यंत तो रस्त्यावर उभा असतो.