द्रौपदाअक्कांनी तोललेला काटा

…हां, तर साक्रीकडच्या त्या अंगणवाडीत शिल्पाचं बाळ काट्याला टांगलेलं, अन् वजन महिन्याभरात अर्धा किलो उतरलेलं! आता धुळ्याच्या दवाखान्यात भरती करावं लागणार, म्हणून शिल्पा बाळाचे कपडे पिशवीत भरू लागली. पण पंचवीस वर्षांपासूनच्या जुन्या सेविका द्रौपदाअक्का काही केल्या वहीत आकडा लिहीनात. त्यांनी नासीरभाईंच्या किराणा दुकानातून, दरसाल तपासून शिक्का मारून आणलेलं पाच किलोचं वजन मागवलं अन् काट्याला अडकवलं. काटा साडेचारवरच थांबला! शिल्पाने बाळाचे मटामट मुके घेतले. हसत-रडत म्हणाली, “अक्का, तुमले शंका कशी उनी?”

“एक पोऱ्यानं वजन उतरनं तं पोऱ्याले तपासानं. आज बठ्ठा पोऱ्यास्नंच अर्धा-अर्धा किलो उतरनं, मंग काटाच आजारी शे ना बाई!”