झाशीचा रस्ता

उल्हास मिरीकरांनी केंद्र सरकारच्या नोकरीत चौतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी फायलींवर ‘सहमत नाही’ लिहिण्यात घालवली. त्यापायी बढती दोनदा हुकली, पण माणूस वाकला नाही. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आल्यावर ते सोसायटीच्या सूचनाफलकावरही तेच लिहू लागले.

असा हा गृहस्थ एका मंगळवारी मुलाच्या, पुष्करच्या, गुरुग्राममधल्या ॲनिमेशन स्टुडिओत माइकपुढे बसला होता. बाप-लेकाच्या मोटारप्रवासावर विनोदी कार्टूनपट चालला होता आणि मोठा नट ठरेपर्यंत बापाचा तात्पुरता आवाज हवा होता. पडद्यावरच्या बापाचं पोट, चष्मा, ढाब्याच्या खाटेवर बसून घरच्या दशम्या सोडायची खोड, सगळं उल्हासरावांचंच होतं. “नाक जरा जास्त काढलंयस,” एवढंच ते म्हणाले. मनातून खूश होते.

घोडं अडलं शेवटच्या प्रसंगाशी. रस्ता चुकलेला बाप मुलाला म्हणतो, ‘बेटा, ग़लती मेरी थी.’

“हे मी म्हणणार नाही,” उल्हासरावांनी कागद खाली ठेवला.

“अंकल, बस एक लाइन है,” डायरेक्टर जयेश अजिजीने म्हणाला. “पूरी पिक्चर इसी पे टिकी है.”

“टिकी होगी. मेरी ग़लती नहीं थी.”

कारण ती हकीकत खरी होती. पुष्कर नऊ वर्षांचा असताना ते जुन्या मारुतीतून पुण्याला निघाले होते. ग्वाल्हेरनंतर शिवपुरीचा रस्ता सोडून गाडी झाशीच्या रस्त्याला लागली. बायको, कुमुदिनी, दोनदा म्हणाली, कुणाला तरी विचारा. विचारतील तर ते उल्हासराव कसले! झाशी आल्यावर छाती काढून म्हणाले, किल्ला दाखवायलाच आणलंय. मराठी माणसाने झाशी बघायची नाही तर कुणी? गेली पंचवीस वर्षं ते येईल त्या पाहुण्याला हेच ऐकवत होते.

“पुष्कर, असली रडकी वाक्यं हा तुझा जयेश लिहितो का?”

“नाही बाबा. मी लिहिलंय.”

“तू? किल्ल्यावर तर मजेत होतास!”

“किल्ल्याच्या आधीचं आठवतंय? ढाब्यावर मी ट्रकवाल्याला रस्ता विचारला होता.”

उल्हासरावांना चांगलं आठवत होतं. पोरानं परस्पर विचारून यावं आणि चार लोकांत आपली शोभा व्हावी, या रागात त्यांनी त्याच्या कानाखाली लगावली होती. ‘बच्चा है, साहब,’ ट्रकवाला म्हणाला होता. झाशीपर्यंत पोर खिडकीबाहेर बघत बसलं होतं. पाहुण्यांना गोष्ट सांगताना एवढा भाग ते कायम गाळत आले होते.

“पिक्चरमध्ये थप्पड नाही घातली,” पुष्कर म्हणाला. “कॉमेडी आहे ना. फक्त ते वाक्य ठेवलं. बस, एकदा ऐकायचं होतं.”

उल्हासरावांना भरून आलं, आणि भरून आलं याचा रागही आला. “माइक बंद करा.”

“अंकल, टाइम कम है...”

“बंद म्हणजे बंद!”

माइकवरचा लाल दिवा विझला. त्यांनी खुर्ची मुलाकडे वळवली.

“मारायला नको होतं रे. तू बरोबर विचारलं होतंस. चुकलं माझं.”

पुष्करने मान हलवली.

उल्हासरावांनी चष्मा पुसला, कागदावरच्या त्या ओळीपुढे ठसठशीत ‘सहमत नाही’ लिहिलं आणि माइक जवळ ओढला.

“लावा आता. ते तुझं होतं, तुला दिलं. हा कार्टूनमधला बाप माफीबिफी मागणार नाही. तो विचारेल, ‘किला देखना है कि नहीं?’ आणि पुष्कर, एक सांगून ठेवतो. झाशीचा रस्ता बरोबरच होता.”