हॅलोविनच्या दिवशी झाडलेली खोली

खरं सांगायचं तर मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई. इथले अनुभव वाचतानाही "डोळा लागला असेल हो" असंच मनात म्हणायचे. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली...

राहात्यात गावाबाहेर, पेरूच्या बागेला लागून आमचं घर आहे. मागच्या खोलीत मी लहान मुलांचा प्लेग्रुप चालवते – सकाळी नऊ ते बारा. खोलीला अंगणाकडे एकच दार आणि बागेकडे गजांची एक खिडकी. मदतीला मंदामावशी असतात. मुलांचे डबे, झाडलोट सगळं त्याच बघतात.

ऑक्टोबर संपत आला होता. एका आईने पुण्यातल्या कुठल्या शाळेचे हॅलोविनचे फोटो ग्रुपवर टाकले आणि सगळ्याच मागे लागल्या – आपणही करू या ना! मला त्यात वावगं काही वाटलं नाही. घरातल्या टाकाऊ वस्तूंचं क्राफ्ट, एवढंच. वर्तमानपत्राचा गोळा, त्यावर जुना पांढरा रुमाल, गळ्याशी रबरबँड, स्केचपेनने दोन डोळे – झालं भूत. अंड्यांचा ट्रे कापून काळा रंगवला की वटवाघूळ.

त्या दिवशी पाचच मुलं आली होती. साडेदहाचा सुमार, लाईट गेलेली. वाऱ्याने कागद उडायला लागले म्हणून मी दार नुसतं लोटलं. कडी लावली नव्हती, हे अगदी शपथेवर सांगते.

थोड्या वेळाने ओवी खोकायला लागली. साडेतीन वर्षांची पोर, तिला दम्याचा त्रास. तिचा पंप दप्तरात आणि दप्तरं बाहेर ओट्यावर. मी उठून दार ओढलं... उघडेना.

अडकलेलं दार निदान हलतं, खडखडतं. हे भिंतीसारखं घट्ट होतं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी मावशींना हाका मारल्या. त्या अंगणातच मुलांचे पेले विसळत होत्या – पेल्यांचा आवाज मला स्पष्ट येत होता. माझा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत जात नव्हता.

मग खिडकीशी धावले. दहा पावलांवर शेजारचे भाऊसाहेब पेरू तोडत होते. मी आणि मुलं जीव खाऊन ओरडलो. त्यांनी मान वळवली, सरळ खिडकीकडे पाहिलं, टॉवेलने तोंड पुसलं आणि पुढच्या झाडाकडे वळले. 

ओवीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला मांडीवर ताठ बसवून मी खिडकीखाली फरशीवरच बसले. पाठ चोळत राहिले. बाकीची मुलं मला बिलगून रडत होती. माझ्याच घरात, भर सकाळी, पाच लेकरं घेऊन मी कोंडले गेले होते आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

आणि मग फरशीवरचे कागदाचे कपटे सरकायला लागले.

वाऱ्याने उडतात तसे नाही. सगळे एका रांगेत हातभर पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा हातभर. कोपऱ्यातून मध्ये, मधून दाराकडे. चार वर्षांचा अद्वैत रडायचा थांबला आणि त्याने दोन्ही पाय उचलून धरले – घरात कुणी झाडायला लागलं की मुलं उचलतात तसे.

मी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"मावशी झाडतायत," तो म्हणाला.

समोर कुणीही नव्हतं. कचऱ्याचा छोटा ढीग दारापाशी जमला. क्षणभर सगळं थांबलं... आणि दार आपोआप बोटभर उघडलं.

ओवीला उचलून, मुलांना पुढे ढकलत मी बाहेर पडले. आधी पंप दिला. दहा-पंधरा मिनिटांनी तिचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशी हातात सुपली घेऊन नुसत्या बघत उभ्या आहेत.

"ताई, कुठं गेल्ता तुमी पोरांना घिऊन? मी समदी खोली झाडून काढली की."

मी म्हटलं, आम्ही आतच होतो.

"आत कोनी न्हवतं. दार सताड उघडं हुतं," त्या म्हणाल्या. केर दारात लोटून त्या सुपली आणायला वळल्या, तेवढ्यात आम्ही बाहेर आलो होतो.

भाऊसाहेबांनाही विचारलं. त्यांना रिकामी खोली दिसली होती. वर्ग लवकर सुटला असेल, असं त्यांना वाटलं. सुताराने दार तपासलं, त्यात काही दोष नव्हता. तरी मी ते काढून टाकलं, आता तिथे पडदा आहे. ओवीच्या आईला सगळं सांगितलं. तिने पोरीला काढून घेतलं, आणि मी तिला दोष देत नाही. दप्तरं आत ठेवायला हवी होती, ती चूक माझीच.

पंधरा दिवसांनी भाजी निवडता निवडता मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, एक सांगायचं ऱ्हायलं. खिडकीखाली झाडताना केरसुनी अटकत हुती. फरशी मोकळी, पन मऊ लागत हुतं... मानसाच्या पायावानी. म्हनून तेवढी जागा सोडली म्या."

तिथेच मी ओवीला घेऊन बसले होते. पण माझ्या पायाला काहीही लागलं नव्हतं. मग आम्ही नेमके कुठे होतो?